वाचक विचारतात: फोरमन हरला, थांबला, आणि मग जिंकला

मागच्या अंकात अमेरिकेचा हेवीवेट बॉक्सर जॉर्ज फोरमनबद्दल दोन परिच्छेद लिहिले होते, २१ मार्च २०२५ ला तो ७६ व्या वर्षी गेला त्या निमित्ताने. त्यावर एवढी पत्रं आणि मेसेज आले की यावेळचा सगळा कॉलम त्याच्यावरच करतोय. काही प्रश्न एकत्र केलेत.

प्रश्न: सर, माझा मुलगा १७ वर्षांचा आहे, चार वर्षं बॉक्सिंग करतो. गेल्या महिन्यात एका मोठ्या स्पर्धेत पहिल्याच फाइटला हरला आणि तेव्हापासून प्रॅक्टिसला गेलेला नाही. मोबाईलवर फोरमनने मूररला पाडलं ती क्लिप सारखी बघत बसतो आणि म्हणतो की ४५ व्या वर्षी चॅम्पियन होता येतं तर घाई कशाला. त्याचे बाबा म्हणतात तो पंच नशिबाने लागला. नक्की खरं काय? (एक आई, सोलापूर)

ताई, आधी त्या पंचाचं सांगतो, मग मुलाचं.

५ नोव्हेंबर १९९४, लास वेगास. तेव्हाचा हेवीवेट चॅम्पियन मायकेल मूरर २६ वर्षांचा, ३५ फाइट जिंकलेला, एकही न हरलेला, डावखुरा. समोर फोरमन, वय ४५, वजन ११३ किलोच्या आसपास, आणि अंगावर तीच लाल चड्डी जी वीस वर्षांपूर्वी मुहम्मद अलीकडून हरला तेव्हा घातली होती. नऊ राउंड मूररने त्याला हवं तसं मारलं, पॉइंटवर तो सरळ पुढे होता, तिन्ही जजच्या कार्डावर. तुमचा मुलगा बघतो ती क्लिप दहाव्या राउंडची, दहा-वीस सेकंदांची असणार. त्याला सांगा आधीचे नऊ राउंड पण बघ. फोरमन काय करतोय बघ. डावा जॅब (पुढच्या हाताचा सरळ, झटपट ठोसा), परत जॅब, सावकाश, एकाच लयीत, मार खातोय पण मागे सरत नाही आणि प्रत्येक जॅबबरोबर मूररला थोडं थोडं आपल्या उजव्या हाताच्या रेषेत उभं करतोय. मूररचा कोच टेडी अ‍ॅटलस त्याला बजावत होता की ह्याच्या समोर उभा राहू नकोस, फिरत राहा, पण जिंकत असलेल्या माणसाला हे ऐकू येत नाही हो. दहाव्यात आधी एक डावा-उजवा बसला, आणि मग लगेच एक छोटासा उजवा, फार लांबून नाही, जेमतेम हातभर अंतरावरून, सरळ हनुवटीवर. मूरर पाठीवर पडला, ओठ फुटलेला, रेफरीचे दहा मोजून झाले तरी उठला नाही. आणि फोरमन कोपऱ्यात जाऊन गुडघे टेकून प्रार्थना करत होता, अख्खा हॉल ओरडतोय आणि हा डोकं वर करून बघतोय.

त्यामुळे बाबांना सांगा की याला नशीब म्हणता येत नाही, नऊ राउंड घालवून त्याने ती जागा तयार केली होती.

आता मुलाचं. मी स्वतः बरीच वर्षं पोरांच्या हाताला पट्ट्या बांधल्यात. हरलेल्या पोराचं एक असतं बघा, ग्लव्ज काढले तरी मूठ सुटत नाही. घामाने भिजलेली पट्टी मी मनगटापासून गोल गोल सोडवत असतो, अंगठ्याजवळ येतो, बोटांच्या मधून काढतो, पट्टी सगळी निघते तरी पोरगं मूठ वळूनच बसलेलं असतं आणि नजर जमिनीवर. त्या वेळी मी काहीच बोलत नाही. घरी जा, जेव, झोप एवढंच. तुमच्या मुलाला महिना झालाय म्हणता, होऊ द्या अजून एक. हाक मारून पाठवू नका. त्याला मनापासून सोडायचं असेल तर सोडू द्या, सोडणं म्हणजे भित्रेपणा नाही, फोरमनने तर चांगली दहा वर्षं सोडलं होतं. पण "घाई कशाला" हे मात्र त्याने फोरमनच्या नावावर खपवू नये, कारण फोरमनची पहिली अमॅच्युअर फाइट जानेवारी १९६७ ची, वय अठरा, आणि ऑक्टोबर १९६८ ला मेक्सिकोत ऑलिंपिक गोल्ड. दोन वर्षंसुद्धा नाहीत! त्याच्या आधी ह्यूस्टनच्या फिफ्थ वॉर्डमध्ये शाळा सोडून रस्त्यावर मारामाऱ्या आणि चोऱ्या करणारा पोरगा होता तो, सरकारच्या जॉब कॉर्प्स योजनेत गेला, तिथे डॉक ब्रॉडस नावाचा कोच भेटला म्हणून वाचला.

प्रश्न: अलीने किन्शासात फोरमनला चीटिंग करून हरवलं, रिंगचे दोर मुद्दाम सैल केले होते असं वाचलं. तुमचं मत? (पुणे)

दोर सैल होते हे खरंय, दिसतातच. अलीचा कोच अँजेलो डंडी याच्यावर आरोप झाला आणि त्याने तो नाकारला. स्वतः फोरमननेही हरल्यावर कितीतरी वर्षं कारणं दिली, दोर, पाण्यात काहीतरी मिसळलं, रेफरीने भराभर मोजलं. पुढे त्यानेच ते सगळं सोडून दिलं आणि अलीने मला हरवलं असं मोकळेपणाने म्हणायला लागला.

माझं मत विचाराल तर फोरमन हरला त्याच्या आधीच्या विजयांमुळे. बघा, जानेवारी १९७३ ला किंग्स्टनमध्ये तेव्हाच्या चॅम्पियन जो फ्रेझरला सहा वेळा पाडलं, दोन राउंडमध्ये खेळ खलास. टोकियोत रोमान, एकाच राउंडमध्ये. काराकसमध्ये केन नॉर्टन, दोन राउंड. ४० फाइट, ४० विजय, त्यातले ३७ नॉकआउट. आता अशा माणसाला सातव्या-आठव्या राउंडमध्ये श्वास कसा पुरवायचा हे कोण शिकवणार आणि तो कशाला शिकणार? ३० ऑक्टोबर १९७४ ला अली दोराला टेकून उभा राहिला, हात वर, कोपरं आत, आणि मार म्हणाला. फोरमनने मारलं, सगळं मारून टाकलं. आठव्यात हात जड झाले, पाय उचलेनात, अलीचे चार-पाच पंच सटासट आले आणि फोरमन गोल फिरत खाली गेला. २५ वर्षांचा होता तेव्हा, अली ३२ चा.

मला यातली सगळ्यात आवडती गोष्ट म्हणजे वीस वर्षांनी मूररच्या फाइटला फोरमनच्या कोपऱ्यात कोण होतं तर हाच अँजेलो डंडी. आणि १९९७ च्या ऑस्कर सोहळ्यात किन्शासाच्या लढतीवरच्या माहितीपटाला बक्षीस मिळालं तेव्हा पार्किन्सन्सने थरथरणाऱ्या अलीला हात धरून स्टेजच्या पायऱ्या चढवल्या त्या फोरमननेच.

प्रश्न: तो मध्ये दहा वर्षं गायब का होता? इंजुरी होती का? (नांदेड)

नाही, इंजुरी नव्हती. १७ मार्च १९७७, सॅन हुआन, पोर्तो रिको, भयंकर उकाडा. जिमी यंगकडून पॉइंटवर हरला, बाराव्या राउंडमध्ये खाली पण पडला होता. ड्रेसिंग रूममध्ये त्याला मरणाचा अनुभव आला असं तो आयुष्यभर सांगत राहिला. मी आता मरतोय असं वाटलं आणि देवाने परत आणलं. डॉक्टर म्हणतील उष्णतेने आणि पाणी कमी पडल्याने झालं असेल, असेलही. पण त्या माणसाने २८ व्या वर्षी ग्लव्ज खुंटीला टांगले, ह्यूस्टनच्या रस्त्यावर उभा राहून प्रवचन द्यायला लागला, छोटं चर्च काढलं, आणि १९८४ मध्ये पोरांसाठी सेंटर काढलं, व्यायाम, खेळ, बॉक्सिंग, जेणेकरून ती आपल्यासारखी रस्त्याला लागू नयेत.

मग पैसे संपले. सेंटरसाठी लोकांपुढे हात पसरायची वेळ आली आणि ते त्याला सहन झालं नाही, त्याने विचार केला की पैसे कसे मिळवायचे हे आपल्याला माहितीये. मार्च १९८७, सॅक्रामेंटो, १२१ किलोचा ३८ वर्षांचा पाद्री परत रिंगमध्ये. लोक हसले, पेपरवाल्यांनी चीजबर्गरवरून टिंगल केली, समोर आणलेले बरेचसे बॉक्सर किरकोळ होते हेही मान्य. पण सलग २४ जिंकला आणि १९९१ मध्ये तेव्हाच्या चॅम्पियन होलीफिल्डबरोबर पूर्ण बारा राउंड उभा राहिला. हरला, पण उभा राहिला. राउंडच्या मधल्या एका मिनिटात तो स्टुलावर बसायचाच नाही, उभाच! किन्शासात आठ राउंडमध्ये ज्याचा दम संपला होता तोच हा, ४२ वर्षांचा, बसायला नकार देतोय. पहिल्या फोरमनला सगळे घाबरायचे, या दुसऱ्यावर लोकांनी जीव टाकला. मला विचाराल तर बॉक्सर म्हणूनसुद्धा दुसराच जास्त शहाणा होता, ताकद तीच पण ती जपून वापरायची अक्कल आलेली.

मूररला हरवल्यावरचं सगळं काही गोड नाही हेही सांगतो. एप्रिल १९९५ ला जर्मनीच्या अ‍ॅक्सेल शुल्त्सविरुद्ध त्याला जो निकाल दिला तो मला पटत नाही, ती फाइट शुल्त्सची होती. रीमॅच दिली नाही आणि बेल्ट गेला. शेवटची फाइट नोव्हेंबर १९९७, शॅनन ब्रिग्जकडून पॉइंटवर हार, आणि तिथे उलट फोरमनवर अन्याय झाला असं बऱ्याच जणांना वाटतं, मलाही. एकूण ८१ फाइट, ७६ जिंकल्या, त्यात ६८ नॉकआउट, ५ हरला.

प्रश्न: प्रोफेशनल बॉक्सिंगमध्ये पैसा किती? भारतात राहून करिअर होतं का? मुलगा नॅशनलला मेडल घेऊन आलाय. (कोल्हापूर)

दादा, अभिनंदन मुलाचं! पण पैशाचा हिशोब नीट समजून घ्या. अली-फोरमनला १९७४ मध्ये प्रत्येकी ५० लाख डॉलर मिळाले हे सगळ्यांना पाठ असतं. पण बॉक्सरला जाहीर झालेली रक्कम त्याच्या हातात येत नाही, मॅनेजरचा वाटा (एक तृतीयांशपर्यंत जातो), कोचचा साधारण दहा टक्के, मग टॅक्स, ट्रेनिंग कॅम्पचा खर्च, स्पॅरिंग (सरावाची लढत) पार्टनरचे पैसे. आणि हे सगळं वरच्या मोजक्या लोकांचं, खाली चार आणि सहा राउंडच्या फाइट करणाऱ्या पोरांना कित्येकदा नोकरी सांभाळूनच लढावं लागतं. खुद्द फोरमनला मोठा पैसा रिंगमधून नाही तर किचनमधून मिळाला, त्याच्या नावाचं ग्रिल दहा कोटी नगांच्या वर विकलं गेलं आणि १९९९ मध्ये नाव वापरायच्या हक्काचे त्याला जवळजवळ १४ कोटी डॉलर मिळाले.

आपल्याकडचं उदाहरण विजेंदर सिंगचं. २००८ ला बीजिंगला ब्राँझ, २०१५ ला प्रोफेशनल झाला आणि पहिली फाइट मँचेस्टरला. म्हणजे सुरुवातीलाच बाहेर जावं लागलं, कारण आठवड्याला चांगलं स्पॅरिंग, प्रमोटर, टीव्ही हे सगळं तिकडे तयार होतं. २०१७ मध्ये वरळीला चीनच्या झुल्पिकारला हरवलं. सलग १२ जिंकून मार्च २०२१ मध्ये पणजीला, मांडवीत उभ्या कॅसिनो बोटीच्या छतावर, पहिल्यांदा हरला. ऑलिंपिक मेडलवाल्याची ही गत, तर तुमच्या मुलाने आत्ता घाई करू नये असं मला मनापासून वाटतं. अमॅच्युअरमध्ये तीन राउंडच असतात, खेळाडू कोट्यातून रेल्वेत, पोलिसात, आर्मीत नोकरी मिळू शकते, ती आधी हातात येऊ द्या. आणि कुणी कॉन्ट्रॅक्ट पुढे केलंच तर वकिलाला दाखवल्याशिवाय सही नको, माझ्या ओळखीच्या एका पोराने केली आणि दोन वर्षं ना फाइट मिळाली ना दुसरीकडे लढायची मोकळीक.

प्रश्न: माझा भाचा बॉक्सिंग करतो. डोक्याला मार बसून पुढे त्रास होतोच का? (एक मावशी, ठाणे)

मावशी, प्रत्येकाला होतोच असं नाही पण भीती खोटी नाही. १९२८ मध्येच डॉ. मार्टलंड यांनी बॉक्सर लोकांच्या डोक्याच्या या आजारावर लिहिलं होतं. १९८२ मध्ये कोरियाचा किम दुक-कू रिंगमधल्या माराने गेला आणि त्यानंतर १५ राउंडच्या फाइट १२ वर आल्या. फोरमन शेवटपर्यंत स्वच्छ बोलायचा, अली नाही, दोघंही एकाच धंद्यातले. भाच्याला एवढंच बघा की नॉकआउट झाल्यावर कोच त्याला लगेच स्पॅरिंगला उतरवत नाही ना, आणि उतरवत असेल तर जिम बदला, दुसरा विचार करू नका.

प्रश्न: फोरमनची एकच फाइट बघायची तर कुठली? (रत्नागिरी)

सगळे किन्शासा किंवा मूरर सांगतील. मी २४ जानेवारी १९७६ ची रॉन लाइलविरुद्धची सांगेन. अलीकडून हरल्यानंतरची पहिली खरी परीक्षा. चौथ्या राउंडमध्ये लाइलने फोरमनला दोनदा पाडलं, मध्ये फोरमनने लाइलला पाडलं, दोघांनाही गार्ड वगैरे काही आठवत नाही, नुसते उभे राहून मारतायत. दुसऱ्यांदा पडल्यावर फोरमन उठतो तेव्हाचा त्याचा चेहरा बघा, डोळे कुठे लागलेत ते त्यालाही कळत नसणार. पाचव्यात तो लाइलला कोपऱ्यात घेतो आणि थांबतच नाही, शेवटी लाइल तोंडावर पडतो.