पाच तासांसाठी रात्री बारापर्यंत?

राजापूर तालुक्यातून एका वडिलांचं पत्र आलंय. मुलगी भूगोलात एम.ए., सेट ही प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा पास झालेली, जूनपासून महाविद्यालयात तासिका तत्त्वावर, म्हणजे तासाप्रमाणे मानधनावर शिकवते. 'आठवड्याला पाचच तास, तरी रात्री बारापर्यंत वाचत बसते. नात्यातले एक सर वीस वर्षं एकाच वहीवर शिकवतात. हिला झेपत नसेल तर सोडायला लावून पीएच.डी.ला घालू का? त्याशिवाय कायम करत नाहीत म्हणे. स्थळं बघतोय, नावामागे डॉक्टर असलेलं बरं.'

पत्र दोनदा वाचलं. मुलीचं स्वतःचं असं एक वाक्य त्यात नाही. ती मुलांना बारसूच्या सड्यावर, म्हणजे कातळपठारावर, जांभा दगड दाखवायला घेऊन गेली, हे तुम्ही तक्रार म्हणून लिहिलंय, 'पोर्शन मागे राहिला' म्हणून. जांभ्यात लोह आणि ॲल्युमिनियम का उरतं हे पोरं पाठ करतात, आणि आपल्या घराच्या भिंती त्याच दगडाच्या आहेत हे त्यांच्या गावीही नसतं. मुलगी शिक्षिका आहे हो तुमची!

पीएच.डी.चं आधी उरकतो. जुलै 2023 पासून सहायक प्राध्यापकासाठी देशपातळीवरची नेट किंवा राज्यपातळीवरची सेट वा स्लेट ही किमान अट आहे, पीएच.डी. ऐच्छिक. करायचीच तर नेटमधून जेआरएफ ही संशोधनासाठीची फेलोशिप मिळवून, तिच्यावर करावी. लग्नाच्या बायोडेटासाठी नको.

आता 'पाचच तास'. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) 2018 च्या नियमांत पूर्णवेळ सहायक प्राध्यापकाचं काम आठवड्याला 40 तासांचं, आणि त्यात प्रत्यक्ष शिकवणं 16 तास. म्हणजे निम्म्याहून जास्त काम वर्गाबाहेरचं, हे नियमालाही मान्य आहे. मला पहिल्या वर्षी एका तासाच्या तयारीला चार तास लागायचे. तासिकेवर मात्र पैसे वर्गातल्या तासांचेच. आणि शिकवायचं कसं, हे तिला दाखवलं कोणी? सेटच्या पहिल्या पेपरात अध्यापनावर प्रश्न येतात, पण फळ्यापुढे कोणी उभं करत नाही. इंडक्शन, रिफ्रेशर हे प्राध्यापकांचे प्रशिक्षणवर्ग कायम झालेल्यांच्या पदोन्नतीत धरले जातात. तासिकावाल्यांच्या वाट्याला ते क्वचितच येतात. ती रात्री बारापर्यंत जे करते तेच तिचं प्रशिक्षण. नात्यातल्या सरांचं मला कौतुक सांगू नका.

काळजी करायचीच तर पैशाची करा. तास नाहीत तेव्हा मानधन नाही, मे महिना कोरडाच. कायम जागेची जाहिरात निघेपर्यंत ती अशी किती वर्षं काढणार, आणि मधल्या काळात नेट देणार का, हे तिनेच ठरवायचं. पुढचं पत्र तिच्या हातचं येऊ दे. स्थळांचा विषय तोवर काढू नका.