घराचे कागद कपाटातच राहू द्या

प्रश्न : मुलीला सीईटीत ८४ पर्सेंटाइल आहेत. इंजिनिअरिंगच्या कॅपच्या (सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या) दुसऱ्या फेरीत सोलापूरच्या एका खासगी कॉलेजात ईअँडटीसी (इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकम्युनिकेशन) मिळतंय, पण तिला कॉम्प्युटरच हवंय. पुण्यातल्या एका कॉलेजात मॅनेजमेंट कोट्यातून वर्षाला दोन लाख भरून ते मिळेल, असं ॲडमिशन करून देणारे एक गृहस्थ म्हणतात. "कर्ज काढा, नोकरी लागली की दोन वर्षांत फिटेल." आम्ही ओबीसी, कापडाचं छोटं दुकान, वार्षिक उत्पन्न साडेपाच लाख. घर सासऱ्यांनी बांधलेलं. काय करावं?
— एक आई, बार्शी

उत्तर : ताई, मी बँकेत शैक्षणिक कर्जाच्या टेबलावर बरीच वर्षं काढली. त्या गृहस्थांचं 'दोन वर्षं' आधी खोडून टाका.

दरवर्षी दोन लाख उचललेत, तर चार वर्षांत आठ लाख होतात. शिक्षण अधिक एक वर्ष हप्ता नसतो, पण व्याज चालूच असतं. दहा टक्के दर आणि सरळ व्याज धरलं तरी तोवर २ लाख ८० हजार चढतात. म्हणजे हप्ता बसतो १० लाख ८० हजारांवर. दहा वर्षांची मुदत घेतली तर महिना सव्वाचौदा हजार, पंधरा वर्षांची घेतली तर साडेअकरा हजारांच्या वर. आयटीतल्या साडेतीन लाखांच्या पॅकेजमधून हातात पंचवीसेक हजार येतात. पुण्यात खोली, डबा, बस यांना बारा हजार तरी लागतील. पुढची बेरीज मुलीलाच करायला सांगा.

शिवाय सरकारी बँकांच्या नेहमीच्या योजनेत साडेसात लाखांच्या वर कर्ज गेलं की तारण लागतं. तुमच्याकडे तारण म्हणजे ते घरच.

माझ्या टेबलासमोर एक वडील दर पाच तारखेला यायचे. मुलाला वर्ष उलटून गेलं तरी नोकरी लागली नव्हती आणि हप्ता सुरू झाला होता. आठवडी बाजाराच्या दहा-वीसच्या नोटा रबर लावून आणायचे, मोजताना हात थरथरायचा. कर्जाच्या त्या कागदावर मंजुरीची सही माझी होती. ते मला आजही बोचतं.

आता तुम्हाला कुणी न सांगितलेली गोष्ट. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाप्रमाणे ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी मुलींना, आईवडिलांचं मिळून उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल तर, व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. शासनमान्य खासगी कॉलेजांतही आहे. मात्र प्रवेश कॅपमधूनच हवा. मॅनेजमेंट कोट्याला ही माफी नाही. म्हणजे सोलापूरला तुम्हाला हॉस्टेल, मेस आणि किरकोळ फी पाहायची आहे. त्यासाठी कर्ज लागलंच तर ते दीड-दोन लाखांचं असेल, आणि चार लाखांपर्यंत ना तारण लागतं ना पदरचा हिस्सा.

मुलीचा कॉम्प्युटरचा हट्ट मला चुकीचा वाटत नाही. पण आयटी कंपन्या भरतीला ईअँडटीसीचीही मुलं घेतात. कोडिंग तिला पहिल्या वर्षापासून शिकता येईल. सीट फ्रीझ, म्हणजे पक्की, करण्याआधी पुढच्या फेरीत कॉम्प्युटरसाठी थांबता येतं का, हे प्रवेशाच्या सुविधा केंद्रात विचारा. कॉलेजात जाऊन गेल्या वर्षी ईअँडटीसीच्या किती मुलांना नोकरी लागली आणि पगाराच्या यादीत मधोमध असलेल्या मुलाला किती पगार मिळाला, तेही विचारा. फ्लेक्सवरचं सगळ्यात मोठं पॅकेज एखाद्याचंच असतं.

आणि उत्पन्नाचा दाखला उद्याच तहसीलला टाका. फी माफीचा अर्ज महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर भरताना तो लागेलच.