सासूबाई त्याची मान का चोळतात?

'ताई, माझा मुलगा चार वर्षांचा आहे. डाऊन सिंड्रोम आहे, सांधे खूप सैल आहेत. अडीच वर्षांचा असताना चालायला लागला, त्यामागे माझी रोजची मेहनत आहे. पण सासूबाई सगळ्यावर पाणी फिरवतात. मी ऑफिसला गेले की दिवसभर त्याला कडेवर घेतात. आता तो जिना चढायला तयारच नसतो, चार पावलं टाकली की खाली बसतो. शू सांगायला शिकला होता, तेही महिन्याभरात बंद झालं. रात्री त्या त्याची मान चोळत बसतात आणि हा लाडात येऊन झोपत नाही. नवरा आईला एक शब्द बोलत नाही. पुढच्या महिन्यात मुलाच्या कानाचं छोटं ऑपरेशन आहे, त्याची वेगळी काळजी. मी नोकरी सोडू का? त्यांना कसं समजावू?'

अगं, सासूबाईंवर इतकं लिहिलंस आणि मुलाच्या मानेवर अर्धं वाक्य. मी त्या अर्ध्या वाक्यापाशीच थांबले आहे. त्या मान का चोळतात? पाय नाही, पाठ नाही, मानच का? विचारलंस कधी?

नोकरी, नवरा, सासूबाई, सगळं बाजूला ठेव आणि मुलाला डॉक्टरांकडे ने. आजच. पुढच्या आठवड्याची अपॉइंटमेंट चालणार नाही. नेहमीचे डॉक्टर भेटत नसतील तर हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागात जा.

सांधे सैल म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर घोटे, गुडघे, सपाट तळवे येतात. पण मानेतसुद्धा सांधे असतात. कवटीच्या खालचे पहिले दोन मणके एकमेकांना धरून ठेवणारे लिगामेंट डाऊन सिंड्रोममध्ये ढिले असू शकतात, आणि मग ते मणके गरजेपेक्षा जास्त हलतात. त्यांच्या आतूनच मज्जारज्जू खाली जातो. साधारण १० ते २० टक्के मुलांच्या एक्स-रेत ही ढिलाई दिसते. प्रत्यक्ष त्रास होतो तो १ ते २ टक्के मुलांना, म्हणजे बहुतेकांना कधीच नाही. पण मज्जारज्जूवर दाब यायला लागला, तर तो कसा दिसतो माहीत आहे? मूल चालत होतं ते चालेनासं होतं, लवकर थकतं, अडखळतं. शू-शीवरचा ताबा जातो. मान दुखते किंवा एका बाजूला कलते. हातातल्या वस्तू पडायला लागतात. आता तुझंच पत्र परत वाच.

मानेचंच आहे असं मी म्हणत नाही. नितंबाचा सांधा सरकला असेल, गुडघ्याची वाटी जागेवरून हलत असेल, थायरॉइड कमी पडत असेल. डाऊन सिंड्रोममध्ये हे सगळं होतं आणि प्रत्येकाला डॉक्टरच लागतो. मात्र आलेलं कौशल्य महिन्याभरात जातं, तेव्हा त्याला लाड हे कारण नसतं. आजीच्या कडेवर बसून मूल आळशी होईल एक वेळ, पण तेवढ्याने त्याची शू कळायची बंद होत नाही. इतकी वर्षं त्याच्यामागे राबलेल्या आईने हे लाडांच्या खात्यात टाकावं, याचा मला राग आला आहे, आणि तो मी लपवत नाही.

सासूबाईंना बरोबर घेऊन जा. दिवसभर तो त्यांच्याजवळ असतो. 'दुखतंय' हे शब्दांत सांगणं अशा मुलांना फार उशिरा जमतं. तो त्यांचा हात धरून मानेवर नेत असेल तर ते फक्त त्यांनाच माहीत असणार. केव्हापासून, कुठल्या बाजूला, झोपेतून उठतो का, हे सगळं डॉक्टरांसमोर त्यांना बोलू दे. मध्ये बोलू नकोस.

फोनमधला दोन-तीन महिन्यांपूर्वीचा त्याच्या चालण्याचा व्हिडिओ काढून ठेव. आजचा तो आपणहून दोन पावलं टाकेल तेवढाच घे, मुद्दाम चालवू नकोस. दोन्ही शेजारी ठेवले की डॉक्टरांना फार सांगावं लागणार नाही. बोलताना 'लाडावलाय' हा शब्द काढू नकोस. सरळ सांग: डाऊन सिंड्रोम आहे, चालत होता, जिना चढत होता, शू सांगत होता, महिन्याभरात सगळं मागे गेलं, मानेची तपासणी करा. पूर्वी कधी मानेचा एक्स-रे काढला असेल आणि तो नॉर्मल आला असेल, तरी त्यावर विसंबू नकोस. तेव्हाचा एक्स-रे आजचं काही सांगत नाही. नवा काढतानाही आधी मान सरळ ठेवूनच काढतात. पुढे-मागे वाकवून काढायचा की नाही, ते पहिला बघितल्यावर डॉक्टर ठरवतील.

तोपर्यंत व्यायाम बंद. कोलांटी नाही, पलंगावर उड्या नाहीत, हात धरून ओढून उठवणं नाही, मान चोळणं-दाबणंही नाही. उचलताना काखेत हात घालून, डोक्याला आधार देऊन उचला. निघायच्या आधीच हातपाय लुळे पडले, अचानक उभं राहता येईना किंवा श्वास घ्यायला त्रास झाला, तर मान न हलवता ताबडतोब अ‍ॅम्ब्युलन्स बोलवा.

तुझी मेहनत वाया गेलेली नाही, बरं का. तो जिना चढायला शिकला होता, म्हणून तर आता चढत नाही हे कळलं. सासूबाईंशी तुझं जे काही आहे ते नंतर बोलू, तेव्हा मला परत लिही. एक मात्र आजच त्यांना सांग: 'तुम्ही त्याला कडेवर घेत होतात ते बरं केलंत.' तुला जड जाईल, तरी सांग.

आणि कानाचं ऑपरेशन. मानेचा निकाल लागेपर्यंत ते पुढे ढकलायला सांग. भूल देताना नळी घालण्यासाठी डोकं मागे झुकवतात आणि कानाच्या ऑपरेशनला मान एका बाजूला वळवून ठेवतात. निकाल काहीही आला तरी भूल देणाऱ्या डॉक्टरांशी तू स्वतः बोल, डाऊन सिंड्रोम आणि सैल मान हे दोन्ही सांग आणि केसपेपरवर लिहून घे.