वायरलेस घे, पण वायर जोडूनच ठेव

तुझा प्रश्न मला समजला तो असा, की पाच तारी अ‍ॅक्टिव्ह बेस गिटार आहे (म्हणजे आत बॅटरीवर चालणारा, आवाज वाढवणारा प्रीअ‍ॅम्प), गणपतीत ऑर्केस्ट्राचे आठ-नऊ प्रोग्राम लागलेत, गिटारवाला मागे लागलाय वायरीऐवजी वायरलेस घे म्हणून (बेसला ट्रान्समीटर, अ‍ॅम्पकडे रिसीव्हर), बजेट पंधरा हजार आणि तुला भीती की आवाज पातळ होईल. तर ती भीती आधी डोक्यातून काढ. बेसला वायरलेस लावला की घोळ होतो तो आवाज बिघडण्याचा नाही, आवाज मध्येच गायब होण्याचा.

पातळ आवाजाची अफवा कुठून आली सांगतो. पॅसिव्ह, म्हणजे बॅटरी-प्रीअ‍ॅम्प नसलेल्या गिटारच्या पिकअपवर (तारांचं कंपन टिपणारा भाग) लांब वायर टाकली की वायर स्वतःच एक कपॅसिटर असते, मीटरमागे साधारण 100 पिकोफॅरड धर, दहा मीटर वायर म्हणजे हजार, आणि तेवढ्यात आवाजाची वरची, ट्रेबलची धार बोथट होते. वायरलेसचा ट्रान्समीटर गिटारलाच चिकटलेला, त्यामुळे ती धार परत येते आणि माणूस म्हणतो अरे हा तर कडक वाजतोय. खालचं काही गेलेलं नसतं रे, वरचं आलेलं असतं. बॉस कंपनीच्या डब्ल्यूएल-20 या वायरलेस सेटमध्ये वायरसारखा आवाज करून द्यायची सोय ठेवलीय ती याचसाठी. तुझ्या बेसमध्ये तर प्रीअ‍ॅम्प आहे, तुला हा फरक जेमतेम जाणवेल. खालची बी तार 31 हर्ट्झच्या आसपास, चांगला डिजिटल सेट 20 पर्यंत आरामात जातो. फक्त साउंडवाल्याकडे निवेदकाच्या कॉलर माइकचा जुना अ‍ॅनालॉग ट्रान्समीटर पडलेला असतो तो 'चालतंय की' म्हणून बेसला लावू नकोस, त्यात आवाज दाबून पाठवतात आणि पलीकडे परत फुगवतात, बेसची लांब नोट धरली की ती श्वास घेतल्यासारखी वरखाली होते. शिवाय अ‍ॅक्टिव्ह बेसचं आउटपुट तगडं, असा ट्रान्समीटर लगेच फाटतो.

लेटन्सीवरही, म्हणजे तार छेडल्यापासून आवाज यायला लागणाऱ्या उशिरावरही लोक उगाच भांडतात. डब्ल्यूएल-20 ची कंपनीने दिलेली आहे 2.3 मिलिसेकंद. आवाज हवेतून एका मिलिसेकंदात साधारण 34 सेंटिमीटर जातो, म्हणजे अ‍ॅम्पपासून एक पाऊल मागे सरकलास एवढंच. हां, डिजिटल पेडलबोर्ड, डिजिटल मिक्सर आणि वर डिजिटल इनइअर (कानात घालायचा मॉनिटर) असं सगळं एकावर एक चढलं की बेरीज होते, मग ढोलकीबरोबर बसताना बोटं जरा जड वाटतात.

आता खरं दुखणं. दोन-तीन वर्षांपूर्वी एका मंडळासमोर प्रोग्राम होता, माझ्याकडे तेव्हा ऑनलाइन मागवलेला स्वस्तातला 2.4 गिगाहर्ट्झचा सेट, तोच जॅकमध्ये खोचायचा छोटा ठोकळा. संध्याकाळी पाचला साउंडचेक, मैदान मोकळं, मी पार शेवटच्या खुर्चीपर्यंत चालत जाऊन वाजवून आलो, एक नोट तुटली नाही. रात्री साडेआठला समोर खच्चून गर्दी, सगळ्यांचे मोबाईल वर, कोळीगीतांचा मेडले सुरू झाला आणि बेस गेला. अर्धा सेकंद. आला. परत गेला. ढोलकीवाला माझ्याकडे असा बघतोय की मी मुद्दाम करतोय. गिटार अर्धा सेकंद गेली तर तिच्या घरच्यांनाही कळत नाही, पण बेस गेला की नाचणाऱ्यांचे पायसुद्धा क्षणभर अडखळतात. आणि डिजिटलमध्ये आधी खरखर वगैरे होऊन सूचना मिळत नाही, वाजतो तोवर वाजतो आणि मग सपाट शांतता.

नंतर शांतपणे बघितलं तर चुका माझ्याच. 2.4 मध्येच वायफाय, त्यातच ब्लूटूथ, आणि माणसाच्या अंगातलं पाणी ही फ्रिक्वेन्सी चांगलीच शोषून घेतं. मी ड्रमरकडे तोंड करून उभा, माझा रिसीव्हर स्टेजच्या पुढच्या कडेला, म्हणजे मध्ये मीच. त्यात रिसीव्हरच्या शेजारी वीतभर अंतरावर साउंडवाल्याचा राउटर, कारण तो टॅबवर मिक्सिंग करत होता. आता मी पोचल्या पोचल्या राउटर कुठे आहे ते विचारतो, तो 5 गिगाहर्ट्झवर टाकता येत असेल तर टाकायला लावतो, आणि रिसीव्हर कमरेच्या वर, मला दिसेल असा, माझ्यापासून तीन-चार मीटरवर, एलईडी वॉलपासून लांब ठेवतो. 5.8 वाले सेट आलेत बाजारात, गर्दी कमी असते तिथे, पण आड काही आलं की ते 2.4 पेक्षा लवकर रुसतात.

एका बाबतीत मात्र वायरलेसला माझे पूर्ण मार्क. शॉक. तू कोरस गातोस म्हणालास ना? तारा वायरमधून अ‍ॅम्पच्या अर्थिंगला जोडलेल्या असतात, माइक मिक्सरच्या अर्थिंगला, आणि मांडवात एक लाइन जनरेटरची, दुसरी शेजारच्या दुकानातून ओढलेली, अर्थिंग रामभरोसे. ओठ माइकला लागले की मुंग्या, किंवा त्याहून वाईट. अमेरिकन रॉक बँड किसचा गिटारवाला एस फ्रेली डिसेंबर 1976 मध्ये फ्लोरिडात लेकलंडला स्टेजवरच्या लोखंडी कठड्याला हात लागून असाच पडला होता, त्यानंतरच त्यांनी वायरलेस घेतला. वायरलेसने तुझा आणि अ‍ॅम्पचा हा धागाच तुटतो. आणि हम, म्हणजे लाइनची घूंघूं, येतोय म्हणून कोणी प्लगची अर्थची पिन काढायला लागला तर त्याचा हात धर, त्यासाठी डीआय बॉक्सवर (बेस मिक्सरला जोडायचा डबा) ग्राउंड लिफ्टचं, म्हणजे फक्त सिग्नल वायरीतला अर्थ तोडायचं बटण असतं.

मग घ्यायचं काय? आधी दोन वायरी, सहा-सहा मीटरच्या. पुण्यात असशील तर तपकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड, चांगली शील्डवाली वायर आणि न्यूट्रिकचे जॅक आणून स्वतः सोल्डर कर, नाहीतर ओळखीच्याकडून करून घे. वायर स्ट्रॅपमधून एक वळसा घेऊन मग जॅकला लाव म्हणजे पाय पडला तरी जॅक उपटत नाही, आणि गुंडाळताना कोपरावर पिळू नकोस. उरलेल्या पैशात वायरलेस, पण घेण्याआधी दुकानात तुझाच बेस घेऊन जा. अ‍ॅक्टिव्ह बेसवर काही ठोकळे बारीक शिट्टी मारतात, आणि जॅकची खाच खोल असेल तर ठोकळा बसतच नाही. अजून एक, ठोकळा जॅकमध्ये तसाच खोचून घरी आलास की बेसमधली 9 व्होल्टची बॅटरी रात्रभर चालू राहते. माझ्या दोन गेल्यात अशा.

स्टेजवर रिसीव्हरशेजारी वायर आधीच टाकून ठेवतो मी, दुसरं टोक ट्युनर पेडलपाशी, म्हणजे सेट गेला की पेडलने म्यूट, ठोकळा उपटला, वायर खोचली, दोन ओळींत परत आत. घरी चार-पाच वेळा करून बघ, पहिल्यांदा स्टेजवर करायला जाशील तर हात थरथरतो.

तुझ्या पहिल्या प्रोग्रामला स्टेज वीस बाय सोळा म्हणालास, त्यात कीबोर्ड, ऑक्टोपॅड, ढोलकी, दोन गायक. तिथे तू हलणार कुठे? वायरनेच वाजव. वायरलेस मोठ्या मैदानावरच्या प्रोग्रामसाठी ठेव, आणि तिथे साउंडचेक गर्दी जमल्यावर पुन्हा एकदा करू दे असं साउंडवाल्याला आधीच सांगून ठेव, तो कुरकुरेल, पण करून देईल.