फोटोच्या दंडाची मेल

प्रश्न : दापोलीजवळ आमचा छोटा होमस्टे आहे. वेबसाइट करणाऱ्या मुलाने सोलकढीचा फोटो गूगलवरून उचलून टाकला. आता परदेशी एजन्सीची मेल आलीय : १४ दिवसांत ६८ हजार भरा, नाहीतर कोर्ट. भरून मोकळी होऊ का?

उत्तर : ताई, थांबा. आधी स्क्रीनशॉट घ्या, मग फोटो उतरवा. ‘गूगलवर होता’ हा बचाव नाही; तेवढं कडू गिळावंच लागेल. पण मेलमधला आकडा म्हणजे कोर्टाचा हुकूम नव्हे. अमेरिकेत कॉपीराइटसाठी वेळेत नोंदवलेल्या कलाकृतीबाबत कायद्यानेच भरपाईचे आकडे ठरवलेत. आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यात तसे दर नाहीत. नुकसान दाखवावं लागतं.

उत्तर द्या, पण कबुली न देता. विचारा : छायाचित्रकार कोण? त्याच्याशी झालेला करार दाखवा. या फोटोचा एरवीचा परवाना दर किती? दावा मालकाला किंवा अनन्य परवानाधारकाला (ज्या एकट्यालाच मालकाने वापराचा हक्क दिलाय) लावता येतो, नुसत्या वसुली एजंटाला नाही. बऱ्याच मेली इथेच अडखळतात, असा माझा अनुभव. कागद खरे निघाले तर मात्र त्या दराच्या आसपास तडजोड करा आणि ‘यापुढे कोणताही दावा नाही’ हे पैसे देण्याआधी लेखी घ्या. पोकळ धमक्यांविरुद्ध आपल्या त्याच कायद्यात कलम ६० आहे, पण त्यांनी खरोखर दावा लावला तर ते गळून पडतं, त्यामुळे त्यावर फार विसंबू नका.

कोर्टाचं समन्स आलं तर त्याच दिवशी वकील गाठा. आणि त्या मुलाचं बिल शोधून ठेवा. खर्चाचा वाटा त्याच्याकडे मागता येतो.