बसलेला केक, ब्रेडची वीट आणि पसरलेली नानकटाई

डिसेंबर लागला की माझ्याकडे येणाऱ्या पत्रांचा विषय बदलतो. फराळाच्या तक्रारी संपतात आणि केकच्या सुरू होतात. या वेळची बरीचशी पत्रं ओव्हनभोवतीच फिरणारी आहेत.

प्रश्न : बिनअंड्याचा केक दरवेळी छान फुगतो आणि बाहेर काढला की मध्ये बसतो. खाताना थोडा साबणासारखा लागतो. सोडा कमी पडतो का? (नाशिक)

सोडा कमी नाही, जास्त पडतोय. ती साबणाची चव त्याचीच. खाण्याच्या सोड्याला आंबट काहीतरी लागतं, दही, ताक, लिंबू, व्हिनेगर काहीही. आंबट संपलं की उरलेला सोडा केकमध्ये तसाच राहतो. साधारण एक कप दह्याला अर्धा छोटा चमचा सोडा पुरतो. बेकिंग पावडरमध्ये आंबट घटक आधीच मिसळलेला असतो, म्हणून ती थोडी जास्त चालते. पण ‘अंडं नाही, तर सोडा वाढवू’ हा हिशोब चुकतो. अंडं केकला नुसतं फुगवत नाही, फुगलेलं धरूनही ठेवतं. ते नसताना हवा जास्त भरली, तर ती धरून ठेवायला कोणी नसतं, आणि केक बसतो.

हे प्रमाण एकदा करून बघा : मैदा दीड कप, पिठीसाखर पाऊण कप, घट्ट ताजं दही एक कप, वास नसलेलं तेल अर्धा कप, बेकिंग पावडर सव्वा छोटा चमचा, सोडा अर्धा छोटा चमचा, व्हॅनिला. कप 240 मिलीचा, छोटा चमचा 5 मिलीचा आणि सपाट. (घरातल्या वाट्यांवर माझा विश्वास नाही. माझ्याच मांडणीत तीन मापांच्या ‘आमटीच्या वाट्या’ आहेत.) दह्यात साखर विरघळवून त्यात बेकिंग पावडर आणि सोडा घाला. पाच मिनिटांत दही फसफसून वर येईल. मग तेल आणि व्हॅनिला, शेवटी चाळलेला मैदा. मैदा घातल्यावर फेटायचं नाही, गुठळ्या मोडण्यापुरतंच हलवायचं. भजीचं पीठ आपण फेस येईपर्यंत फेटतो, तो हात इथे आवरायचा. आणि ओव्हन आधी तापवून मगच मिश्रण कालवायला घ्या. कालवलेलं मिश्रण ओट्यावर वाट बघत बसलं, की सोड्याचा जोर तिथेच संपतो.

180 अंशांवर 30 ते 35 मिनिटं. पहिली 25 मिनिटं दार उघडू नका. घरातल्या लहान ओटीजीत (ओट्यावरच्या विजेच्या ओव्हनमध्ये) वरची सळई टिनच्या फार जवळ येते, त्यामुळे वरचा भाग आधी भाजला जाऊन तडकतो आणि आतलं कच्चं राहतं. केकला फक्त खालची सळई लावा, रंगासाठी वरची शेवटची पाच मिनिटं पुरे.

प्रश्न : ओव्हन नाही. कुकरमध्ये केक करू का? सासूबाई नको म्हणतात. (सांगली)

सासूबाईंचं ऐका. कोरडा कुकर तासभर आचेवर ठेवणं त्याला मानवत नाही. जाड बुडाची कढई किंवा जुनं पातेलं घ्या, तळाशी मीठ पसरा, वर एखादी रिंग, त्यावर टिन, आणि घट्ट बसणारं झाकण. दहा मिनिटं मध्यम आचेवर तापवून मग टिन आत, आच मंद. वेळ ओव्हनपेक्षा दहा-पंधरा मिनिटं जास्त लागेल. वर तपकिरी रंग येणार नाही, हे आधीच सांगून ठेवते.

पण तुमच्या पत्राने मला धोंडस आठवला. कोकणात पातेल्याच्या झाकणावर निखारे ठेवून, वरून-खालून शेक देत काकडीचा हा केक पिढ्यान्‌पिढ्या होतो आहे. त्यात ना अंडं, ना सोडा. मोठं तवसं (काकडी) किसायचं आणि सुटलेलं पाणी फेकायचं नाही. दोन वाट्या किस, त्याच वाटीने एक वाटी तांदळाचा रवा तुपावर भाजून, एक वाटी गूळ, अर्धी वाटी ओलं खोबरं, किंचित मीठ, वेलची. हे सगळं आधी शिजवून घट्टसर करायचं, मग तूप लावलेल्या भांड्यात थापून मंद शेक, पाऊण तासापर्यंत. कडा सुटल्या की झाला. गार झाल्यावरच कापायचा, वर लोणी. मुलांचा पहिला केक म्हणून हाच करा. फुगायचा नसतोच, त्यामुळे बसण्याची भीती नाही.

प्रश्न : चक्कीवरच्या कणकेचा ब्रेड विटेसारखा होतो. यीस्ट ताजं आहे, तरीही. (पुणे)

तुम्ही पोळीची कणीक मळताय, असा माझा अंदाज आहे. कणकेतला कोंडा बराच पाणी पितो, शिवाय गव्हाच्या चिकाचे, म्हणजे ग्लुटेनचे धागेही कापतो. त्यामुळे ब्रेडचं पीठ पोळीपेक्षा बरंच सैल हवं, इतकं की सुरुवातीला हाताला चिकटेल आणि तुम्हाला वाटेल की बिघडलं. त्या क्षणी वरून कोरडं पीठ लावायचं नाही, हीच ब्रेडची निम्मी विद्या.

300 ग्रॅम कणीक, 100 ग्रॅम मैदा, 290 मिली कोमट पाणी. नुसतं कालवून अर्धा तास झाकून ठेवा. या अर्ध्या तासात कोंडा भिजतो आणि पुढचं मळणं निम्म्यावर येतं. मग दीड छोटा चमचा इन्स्टंट यीस्ट, एक चमचा साखर, 7 ग्रॅम मीठ, एक मोठा चमचा तेल, आणि दहा मिनिटं आपटून-ताणून मळा. पाणी बोटाला जेमतेम कोमट लागेल इतकंच. चटका बसणाऱ्या पाण्यात यीस्ट मरतं.

पीठ दुप्पट होईपर्यंत ठेवायचं. कृतीत एक तास लिहिलेला असतो, पण पुण्याच्या थंडीत दोन तास लागतील. बंद ओव्हनमध्ये गरम पाण्याचं पातेलं ठेवून शेजारी पीठ ठेवलं तर लवकर येतं. मग हवा काढून, गुंडाळी करून टिनमध्ये. दुसऱ्यांदा फुगताना नजर हवी. बोटाने हलकं दाबलं की खड्डा सावकाश भरून यायला हवा. झटकन भरला तर अजून थांबा, भरलाच नाही तर उशीर झाला. 200 अंशांवर साधारण 35 मिनिटं.

आणि गरम ब्रेड कापू नका! निम्म्या ‘विटा’ तिथेच होतात. आतली वाफ अजून काम करत असते. पूर्ण गार होऊ द्या. खपली गव्हाचा ब्रेड करणार असाल तर वेगळं पत्र पाठवा. त्याचा चीक नाजूक, तो इतका फुगत नाही.

प्रश्न : जर्मनीत राहतो, घरात सगळे शाकाहारी. चीज आणि जेली घेताना काय बघायचं? (म्युनिक)

भारतातला हिरवा ठिपका तिथल्या मालावर असेलच असं नाही, तेव्हा पाकीट वाचायचं. चीजमध्ये ‘लाब’ म्हणजे रेनेट, दूध घट्ट करणारं द्रव्य. ते वासराच्या पोटातलं असू शकतं. ‘मिक्रोबिएलेस लाब’ लिहिलेलं असेल तर शाकाहारी. अस्सल पार्मिजानो रेज्जानो नियमानेच वासराच्या रेनेटचं असतं, त्यामुळे ते सोडा. जेली आणि मार्शमेलोत बहुधा जिलेटिन, तेही प्राण्यांचंच. घरी अगर-अगर वापरा, म्हणजे आपलं चायना ग्रास. कपभर द्रवाला एक छोटा चमचा पूड, पण ती नीट उकळायलाच हवी, नुसत्या गरम पाण्यात विरघळत नाही.

प्रश्न : नानकटाई पसरून एकमेकांना चिकटते. (सोलापूर)

तूप पातळ होतं. रवाळ, घट्ट तूप घ्या. 100 ग्रॅम तूप आणि 100 ग्रॅम पिठीसाखर पांढरं, हलकं होईपर्यंत फेटा. 125 ग्रॅम मैदा, 25 ग्रॅम बेसन आणि दोन मोठे चमचे रवा मिसळा. गोळे अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवून मग 160 अंशांवर वीस मिनिटं. बाहेर काढताना मऊ लागते, म्हणून लोक आणखी पाच मिनिटं ठेवतात आणि खुटखुटीत दगड होतो. ती गार होताना कडक होते.

आमच्या लहानपणी दिवाळीआधी नानकटाईचं पीठ घेऊन बेकरीत नंबर लावावा लागे. भट्टीवाला डबे आणि ट्रे नेमके ज्याचे त्याला कसे परत देई, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही.

प्रश्न : शंकरपाळे तळण्याऐवजी बेक केले तर? (ठाणे)

होतात. पण ती बिस्किटं होतात. बिस्किटं म्हणून चांगली लागतात, शंकरपाळे म्हणून पाहुण्यांपुढे ठेवू नका. कोथिंबीर वडीचं मात्र वेगळं आहे : उकडून, कापून, तेलाचं बोट फिरवून 200 अंशांवर वीस मिनिटं, मध्ये एकदा उलटून. तळलेलीच्या बरीच जवळ जाते, आणि संध्याकाळी सातला घरी आल्यावर कढई घासावी लागत नाही.