जावेच्या फोनवरच्या बाळाच्या जाहिराती थांबतच नाहीत

प्रश्न : ताई, माझ्या धाकट्या जावेचं बाळ पाचव्या महिन्यात गेलं, त्याला आता दोन महिने झाले. दिवस राहिले तेव्हा तिने हौसेने एक प्रेग्नन्सी अ‍ॅप घेतलं होतं आणि लहान मुलांच्या कपड्यांच्या दुकानात बिल करताना नंबर दिला होता, बाकी काही नाही. आता फोन उघडला की डायपर, पाळणे, मालिशचं तेल. परवा तर ‘तुमचं बाळ २८ आठवड्यांचं झालं’ असा मेसेज आला आणि पोरगी भरल्या ताटावरून उठून गेली. जाहिरातीवरची फुली दाबून दाबून थकली बिचारी. आता माझ्या आणि सासूबाईंच्या फोनवर पण तेच यायला लागलंय. सासूबाई म्हणतात फोन घरातलं सगळं ऐकतो. खरंय का? नंबर बदलून टाकू का?
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : तुमचं पत्र वाचून जीव तुटला. फोन ऐकतो का ते नंतर बघू, आधी तिच्या डोळ्यासमोरून हे काढायचंय. तिला विचारा आणि ती हो म्हणाली की फोन घेऊन तुम्हीच बसा, तिला हे सगळं परत बघायला लावू नका.

सगळ्यात आधी ते अ‍ॅप. नुसतं अनइन्स्टॉल करू नका, कारण डिलिव्हरीची तारीख कंपनीकडे तशीच राहते आणि तिथूनच आठवड्यांचे मेसेज येत राहतात. अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये जाऊन अकाउंट डिलीट करा, मग अ‍ॅप काढा. मग गूगलच्या ‘माय अ‍ॅड सेंटर’मध्ये जा, तिथे संवेदनशील विषयांची यादी आहे, त्यात प्रेग्नन्सी आणि पेरेंटिंगचं एक बटण आहे, ते बंद करा. फेसबुक-इन्स्टाच्या अ‍ॅड प्रेफरन्सेसमध्येही ‘पेरेंटिंग’ हा विषय आहे, तिथे ‘सी लेस’ निवडा. खरं सांगते, याने जाहिराती खूप कमी होतात पण शून्य होतीलच असं नाही. अँड्रॉइड असेल तर गूगलच्या अ‍ॅड्स सेटिंगमध्ये ‘डिलीट अ‍ॅडव्हर्टायझिंग आयडी’ पण करून टाका, कारण वेगवेगळी अ‍ॅप्स हा फोन तोच हे याच आयडीवरून ओळखतात.

फुली दाबून उपयोग का होत नाही? २०१८ मध्ये गिलियन ब्रॉकेल या अमेरिकन पत्रकार बाईंचं बाळ पोटातच गेलं, त्यानंतर त्यांनी टेक कंपन्यांना जाहीर पत्र लिहिलं. ‘ही जाहिरात नको, माझ्या कामाची नाही’ असं सांगितलं की ती सिस्टीम समजते, डिलिव्हरी झाली, बाळ सुखरूप आहे, आणि मग दूध पाजायच्या ब्रा आणि बाबागाड्या दाखवायला लागते, असं त्यांनी लिहिलं होतं. गरोदर आहे हे ज्यांना इतक्या पटकन कळतं त्यांना बाळ गेलेलं कळू नये, याची मला तेव्हाही चीड आली होती आणि आजही येते.

आता सासूबाईंचं. माइकवरून बोलणं ऐकून जाहिरात दाखवतात याचा पुरावा नाही. अमेरिकेतल्या नॉर्थईस्टर्न युनिव्हर्सिटीच्या लोकांनी २०१८ मध्ये १७ हजारांवर अँड्रॉइड अ‍ॅप्स तपासली, गुपचूप आवाज पाठवणारं एकही सापडलं नाही, मात्र काही अ‍ॅप्स स्क्रीनचे फोटो-व्हिडिओ बाहेर पाठवत होती. ऐकायची गरजच पडत नाही हो, आपण टाइप केलेलं आणि बिलावर दिलेला नंबर एवढंच पुरतं. फ्लो नावाच्या पाळीच्या अ‍ॅपवर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२१ मध्ये हाच ठपका ठेवला होता, गुप्त ठेवू म्हणून सांगायचे आणि बायकांची माहिती फेसबुक-गूगलसारख्यांच्या हाती द्यायचे. तुमच्या फोनवर येतंय ते बहुतेक घरात एकच वायफाय आहे म्हणून, नाहीतर काळजीपोटी तुम्ही किंवा सासूबाईंनी काहीतरी शोधलं असेल म्हणून. तेव्हा वरची बटणं तुमच्या दोघींच्या फोनवरही दाबा. आणि घरात मोकळेपणाने बोला हो, तिला आत्ता बोलायला माणसं हवीत.

नंबर बदलू नका, बँक, आधार, गॅस सगळं त्याला जोडलेलं असतं, नसती पळापळ होईल. १९०९ वर ‘स्टार्ट’ लिहून पुढे शून्य असा एसएमएस करा, प्रमोशनचे मेसेज कमी होतील. दुकानाला मात्र वेगळा फोन करून नंबर काढायला सांगा, कारण आपणच परवानगी दिलेले मेसेज त्यातून सुटू शकतात. बिलासाठी नंबरची सक्ती करू नका असं केंद्राच्या ग्राहक विभागाने २०२३ मध्येच दुकानदारांना सांगितलंय, त्यामुळे पुढच्या वेळी नाही म्हणायला लाजू नका. आपली माहिती पुसून टाका असं सांगायचा हक्क २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यातही आहे, पण त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि कंपन्यांना त्यात दीड वर्षाची मुदत मिळालीये, म्हणून आत्ता त्यावर विसंबून राहू नका.

अजून एक. डिलिव्हरीची ती तारीख तुम्ही तुमच्या डायरीत लिहून ठेवा. त्याच्या आठवडाभर आधी तिचा ईमेल, एसएमएस आणि फोनचं कॅलेंडर परत एकदा बघा, कारण बाळाच्या वस्तू विकणारे नेमके त्याच दिवसांत ऑफर पाठवतात, आणि वर्षाने पहिल्या वाढदिवसाच्या पण.